अकरा जण ‘कवड्या’ म्हणाले, एकटी ‘थांबा’ म्हणाली

नदीकाठची
मंगळवार, रात्री १०.५२

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीत जे घडलं ते लिहायचंच, असं ठरवून आज बसले आहे. त्यातून मला एक प्रश्न पडलाय आणि तो काही केल्या डोक्यातून जात नाही.

आम्ही पुण्यात विठ्ठलवाडीजवळ राहतो, नदीपासून फार लांब नाही. दिवसभर रिपरिप चालू होती. रात्री साडेनऊच्या सुमारास वॉचमनकाकांना पार्किंगमध्ये, पाण्याच्या मोटारीच्या खोलीच्या उंबऱ्याशी साप दिसला. काळसर, अंगावर पांढरे आडवे पट्टे, दोन हात तरी लांब. बी विंगमधल्या एका मुलाने जिन्यातूनच मोबाइलवर फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, ‘कोणता आहे?’

दोन मिनिटांत उत्तरं सुरू. ‘कवड्या आहे, बिनविषारी.’ ‘कवड्याच.’ ‘काही करत नाही, गावाला आमच्या घरात रोज निघायचे.’ मी नंतर मोजलं, अकरा जणांनी कवड्या म्हटलं होतं. एकानेही ‘बहुतेक’ हा शब्द वापरला नव्हता. बारावं उत्तर तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीचं होतं. ती एरवी ग्रुपवर बोलतसुद्धा नाही. तिने लिहिलं होतं, ‘मला नक्की सांगता येत नाही. शेपूट पाइपामागे गेलंय, ते फोटोत नाही. मानेजवळ पट्टे दिसत नाहीत, पण उजेड कमी आहे. मण्यार असू शकतो, म्हणजे विषारी. सर्पमित्राला बोलवा, तोवर जवळ जाऊ नका.’

मी अकरा जणांवर विश्वास ठेवला. माझा नवरा काठी आणि बादली घेऊन खाली निघाला होता. मी त्याला अडवलं नाही, उलट बॅटरी आणून दिली. ती मुलगी मात्र नुसतं लिहून बसली नाही. धावत खाली आली, त्याचा हात धरला आणि म्हणाली, ‘काका, थोडा वेळ थांबा.’ सर्पमित्र वीस मिनिटांत आले. मण्यार निघाला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. ती मुलगी ‘नक्की सांगता येत नाही’ म्हणाली म्हणून मला कच्ची वाटली. बाकीचे ठाम बोलले म्हणून पक्के वाटले. आपल्याला स्वतःला त्या विषयातलं काही कळत नसताना, कोणाचं उत्तर धरायचं हे कशावरून ठरवायचं? दुखण्याचं असो, कागदपत्रांचं असो, मुलीच्या प्रवेशाचं असो, सगळीकडे मी जो ठासून बोलेल त्याच्याच मागे जात आले आहे का, असं आता वाटायला लागलंय.

---

तळजाईचा_वाटसरू
मंगळवार, रात्री ११.२०

ताई, सगळे सुखरूप आहात हे वाचून जीव भांड्यात पडला. मी गेली काही वर्षं साप पकडायला नाही, पण ओळखायला आणि लोकांना समजावायला जातो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

मण्यार आणि कवड्या यांची गल्लत नेहमी होते. कवड्याचा पहिला पट्टा मानेलगतच असतो, पट्टे पिवळट पांढरे असतात आणि शेपटीकडे जाताना पुसट होत जातात. मण्यारचं बरोबर उलटं. त्याचे पट्टे बारीक, बरेचदा जोडीजोडीने, आणि शेपटीकडे ठसठशीत. मानेकडे ते पुसट होतात किंवा नुसते ठिपके उरतात. मण्यारच्या पाठीच्या कण्यावरच्या ओळीतले खवले मोठे आणि षट्कोनी असतात, कवड्याचे बाजूच्या खवल्यांसारखेच. पण पिल्लू असेल तर मण्यारच्याही मानेपर्यंत पट्टे असू शकतात, आणि एखादा बिनपट्ट्याचा मण्यारही भेटतो.

आता त्या मुलीचं उत्तर परत वाचा. ओळखायला शेपूट लागतं, आणि शेपूटच फोटोत नाही, हे तिला कळलं होतं. कुठली खूण हवी आणि ती का मिळत नाहीये, एवढं सांगता येण्यासाठी माणसाला बरंच काही ठाऊक असावं लागतं. बाकी अकरा जणांना शेपूट दिसत नाही हे जाणवलंसुद्धा नाही. कारण शेपूट बघायचं असतं हेच त्यांना माहीत नव्हतं.

शिवाय मण्यारचा दंश दुखत नाही म्हटलं तरी चालेल. दाताच्या खुणाही धड दिसत नाहीत, सूज नसते. माणूस ‘काहीतरी चावलं’ म्हणून परत झोपतो, आणि काही तासांनी पापण्या जड होऊन श्वास अडायला लागतो. म्हणून यात ‘करून बघू’ चालत नाही.

---

भांडारकर_रस्ता
मंगळवार, रात्री ११.४१

त्या मुलीला सोसायटीने शाल-श्रीफळ द्यायला हवं. मनापासून सांगतोय.

---

एरंडवणेकर
बुधवार, सकाळी ७.३५

घटना गंभीर आहे, पण धाग्याचा सूर ‘जो संकोचून बोलतो तो खरा’ असा होऊ नये म्हणून लिहितो. मला उलटा अनुभव आहे. आमच्या इमारतीच्या गच्चीतून पाणी झिरपत होतं. तीन तज्ज्ञ बोलावले. दोघे प्रत्येक वाक्याला ‘सांगता येत नाही’, ‘असूही शकतं’, ‘बघावं लागेल’ म्हणत राहिले. कोणालाही विचारलं की नेमकं काय बघावं लागेल, तर परत तेच. तिसऱ्याने गच्चीवर पाणी साठवून ठेवलं, दुसऱ्या दिवशी खालच्या फ्लॅटच्या छतावर ओल कुठे उमटली ते बघितलं आणि ठामपणे सांगितलं, ‘पाइप भिंतीत शिरतो तिथला सांधा गेलाय.’ सांधा फोडला, तोच गेलेला होता. त्या दोघांच्या ‘कदाचित’ने आमचा अख्खा पावसाळा खाल्ला.

अंगावर काही येऊ नये म्हणून ‘कदाचित’ म्हणणारे लोक पुण्यात काही कमी नाहीत.

---

औषधवाली
बुधवार, सकाळी ९.१०

एरंडवणेकर, तुमचा मुद्दा मला पटतो. मी बावीस वर्षं औषधाच्या दुकानात उभी आहे, दोन्ही तऱ्हेचे ‘कदाचित’ रोज ऐकते.

फरक कळायला एक प्रश्न पुरतो. जो ‘सांगता येत नाही’ म्हणतो त्याला विचारायचं, ‘काय कळलं की सांगता येईल?’ ज्याला खरोखर विषय कळतो तो लगेच बोलतो. शेपटीचा फोटो द्या. गच्चीवर पाणी साठवून बघू. बाळाचं वजन सांगा. ज्याला फक्त अंग काढून घ्यायचंय त्याच्याकडे या प्रश्नाला उत्तर नसतं. तुमचे ते दोघे तिथेच अडकले, बघा.

लहान मुलाला तापाचं औषध किती द्यायचं, असं कोणी काउंटरवर विचारलं तर मी आधी वजन विचारते आणि हातातली बाटली बघायला मागते. पॅरासिटामॉलचा डोस किलोमागे ठरतो. आणि बाजारात एकाच नावाच्या बाटल्या वेगवेगळ्या तीव्रतेच्या असतात, एकीत पाच मिलीमध्ये १२५ मिलिग्रॅम तर दुसरीत २५०. ‘एक चमचा द्या’ हे उत्तर एका बाटलीला बरोबर आणि दुसरीला दुप्पट. तरीही शेजारच्या आजी ‘एक चमचा’ इतक्या मायेने आणि खात्रीने सांगतात की आईला मीच उगाच चौकशा करते असं वाटतं. आजींच्या घरी तेव्हा पहिली बाटली असणार. त्या खोटं बोलत नाहीत. त्यांचं उत्तर त्यांच्या बाटलीचं आहे.

म्हणून उत्तर देण्याआधी जो मला परत प्रश्न विचारतो, त्याच्याकडे मी जास्त लक्ष देते.

---

एरंडवणेकर
बुधवार, सकाळी ९.४८

‘काय कळलं की सांगता येईल?’ हा प्रश्न लिहून ठेवला. तेव्हा सुचला असता तर बरं झालं असतं.

---

पोथीघर
बुधवार, दुपारी २.०५

नदीकाठची, तुम्ही अकरा विरुद्ध एक असं मोजलंत. त्या मोजण्याबद्दल मला लिहायचंय, कारण हा प्रश्न आपल्याच गावात फार मोठ्या प्रमाणावर, फार कष्टाने सोडवला गेला आहे.

भांडारकर संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं, म्हणजे जुन्या पोथ्या ताडून मूळ संहिता ठरवण्याचं, काम हाती घेतलं. ते १९६६ साली पुरं झालं. सगळी मिळून १,२५९ हस्तलिखितं त्यात वापरली गेली. काश्मीरची शारदा लिपीतली, बंगालची, देवनागरी, मल्याळी, तेलुगू, ‘ग्रंथ’ नावाच्या लिपीतली. एकाच श्लोकाचे दहा दहा पाठ. एकाने एक शब्द लिहिलाय, दुसऱ्याने दुसरा. खरा कुठला?

पहिला विचार कोणाच्याही मनात हाच येईल की जास्त प्रतींत जो पाठ आहे तो घ्या. विष्णु सीताराम सुखटणकर १९२५ पासून प्रमुख संपादक होते, आणि मुळात केंब्रिजला गणित शिकलेले. त्यांनी तसं केलं नाही. कारण पोथी ही पोथीवरून उतरवलेली असते. एका लेखनिकाने चूक केली आणि त्याच्या प्रतीवरून पन्नास जणांनी नकला केल्या, तर त्या पन्नास प्रती म्हणजे पन्नास साक्षीदार होत नाहीत. साक्षीदार एकच. सतराव्या शतकातल्या नीलकंठाच्या टीकेबरोबरचं, म्हणजे त्याच्या भाष्यासहचं, महाभारत देशभर पसरलं, त्याच्या प्रती ढिगाने मिळतात, पण संख्येवरून त्याला जास्त मान मिळाला नाही. उलट काश्मीरची प्रत आणि दक्षिणेतली प्रत, ज्यांचा एकमेकींशी शेकडो वर्षं संबंध आला नव्हता, त्या दोघी एकच पाठ सांगत असतील तर त्याचं वजन मोठं. दोघींनी एकमेकींचं बघून लिहिलेलं नाही ना.

या कसोटीवर फार लाडक्या गोष्टीही घासल्या गेल्या. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं, ही कथा आपल्या सगळ्यांच्या मनात किती रुजलेली आहे. पण एकमेकींपासून दूर वाढलेल्या महत्त्वाच्या परंपरांत ती सापडली नाही, म्हणून मुख्य संहितेत न ठेवता ती परिशिष्टात दिली. पुण्यात, गणपतीच्या गावात बसून हा निर्णय घेतला गेला. मला त्या माणसांच्या प्रामाणिकपणाबद्दल फार आदर वाटतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. जिथे पुरावा तोकडा पडला, पाठ ठरवला तरी खात्री नव्हती, तिथे त्या अक्षरांखाली त्यांनी नागमोडी रेघ ओढली. छापील पानावर अजून दिसते. इतकी वर्षं घासून काम केल्यावरही ‘इथे आम्हाला पक्कं माहीत नाही’ असं शब्दाशब्दाखाली सांगितलंय. मी पहिल्यांदा ती रेघ बघितली तेव्हा बाकीच्या पानावरचा माझा विश्वास वाढला. जिथे रेघ नाही तिथे त्यांनी तपासलंय, हे त्या रेघेमुळेच कळतं.

तर तुमच्या अकरा जणांपैकी साक्षीदार किती आणि नकला किती?

---

नदीकाठची
बुधवार, रात्री ९.३०

पोथीघर, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून मी उठलेच. आज संध्याकाळी सोसायटीत फिरून आले. भांडायला नाही, खरंच समजून घ्यायला. अकरापैकी नऊ जण भेटले. सगळे भले लोक आहेत, कोणी आडपडदा ठेवला नाही.

सहा जणांनी सांगितलं की वर कवड्या लिहिलेलं वाचलं म्हणून लिहिलं. त्यातल्या दोघांनी तर फोटो मोठा करून बघितलाच नव्हता. एक काकू म्हणाल्या, ‘सगळे घाबरलेले होते गं, धीर यावा म्हणून लिहिलं.’ एकांनी कात्रजच्या सर्पोद्यानात लहानपणी पाटी वाचली होती, पट्टेवाला म्हणजे कवड्या एवढं लक्षात राहिलं होतं. आणि ज्यांनी पहिलं उत्तर लिहिलं त्यांच्या गावच्या घरात खरोखर कवड्या निघायचे. कोकणात, चाळीस वर्षांपूर्वी.

म्हणजे भेटलेल्या नऊ जणांतून साक्षीदार दोनच निघाले, फार तर तीन. आणि त्यातल्या कोणीच शेपटीचं बोललेलं नव्हतं. मी अकरा डोकी मोजली होती.

---

अनुस्वार
गुरुवार, सकाळी ६.५५

मी शाळेत मराठी शिकवायचे. हा धागा वाचताना सारखं वाटतंय की आपल्या भाषेतच याची केवढी सोय करून ठेवली आहे, आणि आपण ती वापरायची सोडून दिली आहे.

‘तो घरी असेल’, ‘तो घरी असावा’, ‘तो घरी असणार’. तिन्ही वाक्यांत बोलणाऱ्याने त्याला घरी पाहिलेलं नाही. पण ‘असेल’ म्हणजे नुसता अंदाज. ‘असावा’ म्हणजे दारात चपला दिसताहेत, आतून रेडिओ ऐकू येतोय, काहीतरी खूण आहे. ‘असणार’ म्हणजे खूण नसली तरी त्याची रीत मला ठाऊक आहे, या वेळी तो दुसरीकडे जातच नाही. एकाच क्रियापदाची तीन रूपं, आणि ऐकणाऱ्याला लगेच कळतं की समोरचा कशाच्या आधारावर बोलतोय. औषधवालीताईंनी वर ‘आजींच्या घरी तेव्हा पहिली बाटली असणार’ असं लिहिलंय ते बघा. ‘असेल’ लिहिलं असतं तर अर्थ बदलला असता.

आणि ‘म्हणे’. माझी आजी हा शब्द इतका काटेकोर वापरायची! ‘त्यांच्या सुनेला मुलगा झाला’ म्हणजे ती बाळ बघून आली आहे. ‘झाला म्हणे’ म्हणजे ऐकलंय, आणि त्याची जबाबदारी सांगणाऱ्यावर. आपल्या पेठांतल्या देवांच्या नावांच्या कथा ती नेहमी ‘म्हणे’ लावूनच सांगायची. डुल्या मारुती पानिपताच्या वेळी डुलला म्हणे. पासोड्या विठोबाजवळ पासोड्या विकायला बसत म्हणे. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच पुढे जायची.

फोनवर टाइप करताना पहिला बळी या ‘म्हणे’चा जातो. ‘कवड्या आहे म्हणे’ असं त्या सहा जणांनी लिहिलं असतं, तर ते खरंच बोलले असते आणि ताईंनाही कळलं असतं. दोन अक्षरांचा शब्द आहे. मी विद्यार्थ्यांना सांगायचे, शुद्धलेखन चुकलं तर मी एक मार्क कापेन, पण न पाहिलेल्या गोष्टीला ‘आहे’ लिहिलंत तर दोन.

---

तळजाईचा_वाटसरू
गुरुवार, सकाळी ८.१५

अनुस्वारताई, तुमचा प्रतिसाद आमच्या सर्पमित्रांच्या ग्रुपवर वाचून दाखवणार आहे.

---

जुनी_वेधशाळा
गुरुवार, सकाळी ११.३०

माझी नोकरी हवामानाच्या अंदाजांत गेली. शिवाजीनगरच्या इमारतीला लोक अजून शिमला ऑफिस म्हणतात, कारण हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून तिथे आलं. खात्रीने न सांगता येणारं रोज सांगायचं, हाच आमचा धंदा, म्हणून दोन गोष्टी लिहितो.

‘तुरळक ठिकाणी जोरदार पाऊस’ असं आम्ही म्हणतो तेव्हा त्यातला प्रत्येक शब्द मोजलेला असतो. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या पर्जन्यमापक केंद्रांपैकी जास्तीत जास्त पाव केंद्रांवर. ‘काही ठिकाणी’ म्हणजे पाव ते निम्म्या, ‘अनेक ठिकाणी’ म्हणजे निम्म्या ते पाऊण. ‘जोरदार’ म्हणजे चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलीमीटर, आणि तो दिवस सकाळी साडेआठला बदलतो. कोथरूडचा माणूस कोरडा राहिला आणि लोहगावला धो धो पडला तर अंदाज चुकला असं कोथरूडकर म्हणतो. चुकलेला नसतो. शब्द ढिला वाटला म्हणून उत्तर ढिलं असतंच असं नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. एकच उत्तर बघून, सांगणाऱ्याची खात्री खरी की खोटी हे ठरवता येत नाही. वही ठेवावी लागते. मी तरुण असताना रोज संध्याकाळी उद्या पावसाची शक्यता किती ते वहीत टक्क्यांत लिहायचो आणि दुसऱ्या दिवशी पडला की नाही ते समोर. काही महिन्यांनी, जिथे जिथे सत्तर लिहिलंय ते सगळे दिवस एकत्र काढायचे. दहापैकी साधारण सात दिवस पाऊस पडला असेल तर माझं सत्तर खरं. चारच दिवस पडला असेल तर मी स्वतःवर फाजील विश्वास ठेवतोय.

ग्लेन ब्रायर नावाच्या अमेरिकन हवामानतज्ज्ञाने १९५० साली याचं सोपं गणित मांडलं, ते आम्ही वापरायचो. नव्वद टक्के म्हणालात आणि पाऊस पडला, तर फरक ०.१, त्याचा वर्ग ०.०१. जवळजवळ काही दंड नाही. नव्वद म्हणालात आणि पडला नाही, तर फरक ०.९, दंड ०.८१. साठ म्हणून चुकलात तर दंड ०.३६. चूक तीच, पण जितक्या ठासून बोललात तितका दंड चढत जातो. सरसकट पन्नास म्हणत राहिलात तर रोज ०.२५ भरत बसायचं, म्हणजे एरंडवणेकरांचे ते ‘कदाचित’वालेही यातून सुटत नाहीत.

तुमच्या सोसायटीत अशी वही कोणी ठेवत नाही, त्यामुळे ठासून चुकणाऱ्याला काहीच भरावं लागत नाही. आठवड्याने सगळे विसरतात. निदान मनात तरी वही ठेवा. कोण कशाबद्दल बोलला, नंतर काय निघालं. आणि विषयागणिक पान वेगळं. प्राप्तिकराचं अचूक सांगणारे काका सापाबद्दल तितकेच अचूक असतील असं नाही.

---

नारायणपेठ_४९
गुरुवार, सायंकाळी ५.४०

१२ जुलै १९६१. पानशेत फुटलं त्या दिवशी मी बारा वर्षांचा होतो. आमचा वाडा नारायण पेठेत, नदी जवळ. सकाळपासून रस्त्यात माणसं पळत होती आणि प्रत्येक जण वेगळं सांगत होता. ‘धरण गेलं.’ ‘नाही, नुसती भेग आहे.’ ‘मिलिटरी आलीय, काळजी नको.’

माझे वडील दारात उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारत होते. ‘तू स्वतः पाहिलंस?’ आणि ‘कुठून, केव्हा?’ बहुतेक जण पहिल्याच प्रश्नाला अडखळत. मग ओळखीचा एक दूधवाला आला. तो म्हणाला, ‘धरणाचं मला ठाऊक नाही. पण आत्ता अलका टॉकीजच्या चौकातून बघून आलो, लकडी पुलाला पाणी टेकायला आलंय. जाताना इतकं नव्हतं.’ वडिलांनी मागे वळून आईला एवढंच सांगितलं, ‘मुलांना घे, पर्वतीला जायचं.’ दुपारी आमच्या वाड्याचा तळमजला पाण्यात होता.

दूधवाल्याने धरण फुटलं असं म्हटलंच नव्हतं. जेवढं पाहिलं तेवढंच सांगितलं, आणि बाकीचं ठाऊक नाही म्हणाला. इतक्या वर्षांत मला त्याचं ते ‘मला ठाऊक नाही’ विसरता आलेलं नाही.

आताही पावसाळ्यात खडकवासला धरणाच्या विसर्गाचे निरोप फिरतात. ‘विसर्ग वाढवला, ३५ हजार क्युसेक.’ कुठल्या तारखेचा, किती वाजताचा, काही नसतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण सव्वाअठ्ठावीस लिटर, हजारांत म्हणजे केवढं पाणी! आणि तो आकडा तासातासाला बदलतो. वेळ न घातलेला आकडा मी पुढे पाठवत नाही आणि घरातल्यांनाही पाठवू देत नाही.

---

कर्वेनगरचा_सौरभ
गुरुवार, रात्री ८.०२

आजोबा, अंगावर काटा आला. ‘कुठून, केव्हा?’ आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हेच दोन शब्द वर लावून ठेवतो.

---

एरंडवणेकर
गुरुवार, रात्री ८.४५

सगळं पटतंय. तरी एक अडचण राहतेच. शेवटी निर्णय आत्ता घ्यायचा असतो. साप उंबऱ्याशी आहे, वही काढून बसायला वेळ नाही, अकरा जणांची चौकशी करायलाही नाही. मग?

---

तळजाईचा_वाटसरू
गुरुवार, रात्री ९.२०

मग कोण बरोबर हे ठरवायचंच नाही. चुकलो तर काय होईल, एवढं बघायचं. मण्यार समजून थांबलो आणि कवड्या निघाला, तर वीस मिनिटं आणि सर्पमित्राची एक खेप गेली. कवड्या समजून हात घातला आणि मण्यार निघाला, तर? दहा जण कवड्या म्हणोत की शंभर, हा हिशेब तसाच राहतो. आम्हीसुद्धा शंका असेल तिथे साप विषारी धरूनच वागतो. घोणस आणि अजगराचं पिल्लू यांचीही अशीच गल्लत होते, आणि ‘अजगराचं पिल्लू आहे, गोड आहे’ म्हणून हातात घेतलेल्या घोणशीच्या कथा मी ऐकल्या आहेत. एक कथा तर दवाखान्यात, त्या माणसाच्या भावाच्या तोंडून.

---

सासवडकर_तलाठी
शुक्रवार, सकाळी ७.२०

मी निवृत्त तलाठी. वेधशाळावाल्या साहेबांचे टक्के वाचून मला आमची पैसेवारी आठवली. जुने लोक अजून आणेवारीच म्हणतात. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक, आठ आण्यांच्या खाली म्हणजे गाव अडचणीत. आता पैशांत मोजतात, पन्नास पैशांच्या आत आलं की टंचाईची चर्चा सुरू होते.

ती पैसेवारी एकदम जाहीर होत नाही. आधी नजर अंदाज पैसेवारी. पीक उभं असतं, शेतं फिरून, बघून लावलेली. मग सुधारित. मग अंतिम. मधल्या काळात पीक कापणी प्रयोग होतो. शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, तेवढंच पीक कापायचं, मळायचं आणि तराजूत घालायचं. तुकडा कुठला तेही आपल्या मनाने निवडायचं नसतं, नाहीतर कोणी चांगला कोपरा दाखवतो, कोणी वाईट. ओंजळीत दाणे घेऊन ‘बरं आलंय’ म्हणणारे गावात पुष्कळ. वजनकाट्यावर आल्यावर कित्येकदा आमचा नजर अंदाज चांगलाच हलायचा. पण त्याला कोणी खोटं म्हणत नसे, कारण वरती ‘नजर अंदाज’ असंच लिहिलेलं असायचं. शेतकऱ्यालाही ठाऊक, सरकारलाही ठाऊक.

आपण उत्तर देतानाही तसं लिहायला काय हरकत आहे? माझी खात्री बारा आणे, नजर अंदाज. कापणी झाल्यावर सुधारित कळवतो.

---

औषधवाली
शुक्रवार, सकाळी १०.०५

‘खात्री बारा आणे.’ तलाठीकाका, हे तर आमच्या दुकानात येणाऱ्या आजीबाईंनाही समजेल.

---

नदीकाठची
रविवार, रात्री ८.१८

घाईत लिहितेय. आत्ता मीटरच्या खोलीबाहेर, जिन्याच्या भिंतीला धरून वर चढलेला साप दिसला. या वेळी ग्रुपवर फोटो टाकतानाच मी लिहिलं, ‘उत्तर देताना कशावरून ते लिहा, नाहीतर लिहू नका.’ एकही कवड्या आला नाही. चौघांनी ‘माहीत नाही’ लिहिलं आणि वॉचमनकाकांनी मुलांना वर पाठवलं. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीने लांबूनच, मोबाइलवर झूम करून तीन फोटो काढलेत. डोकं आणि मान, पाठ, आणि संपूर्ण. शेपूट या वेळीही मीटरच्या पेटीमागे आहे. वाटसरूदादा, तुम्ही आहात का? फोटो पाठवलेत.

---

तळजाईचा_वाटसरू
रविवार, रात्री ८.२६

आहे. बघितले. पहिला पट्टा अगदी मानेलगत आहे, रंगाने पिवळट. मागे जाताना पट्टे पुसट होताहेत. डोकं चपटं. दुसऱ्या फोटोत पाठीवरच्या मधल्या ओळीचे खवले बाजूच्यांएवढेच दिसतात, मोठे नाहीत. उभ्या भिंतीवर सहज चढलाय, तेही कवड्याला धरून आहे. कवड्या असावा. चौदा आणे, नजर अंदाज. शेपूट दिसलं नाही, म्हणून दोन आणे राखून ठेवतो. सर्पमित्राला बोलावलंय ना? कोणी खाली गेलेलं नाही ना?

---

नदीकाठची
रविवार, रात्री ८.२९

बोलावलंय, वडगावच्या पुलापर्यंत आलेत. आम्ही सगळे वरच्या जिन्यात उभे आहोत. काठी माझ्याकडे आहे आणि मी ती कोणाला देत नाहीये.